अर्पणपत्रिकेच्या जागी

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी गाळात उतरलो. पुतणीचा प्रबंध धरणांच्या तळाशी साचणाऱ्या गाळावर आहे. तिने त्यात सहा वर्षं घातली, मला दोन आठवडे घालायचे आहेत. परीक्षकांनी मजकूर मंजूर केलाय. आता तो विद्यापीठाने नेमून दिलेल्या, संगणकावरच्या तयार साच्यात बसवायचा, पाच प्रती छापून बांधून घ्यायच्या, त्यांतल्या चार वीस तारखेपर्यंत ग्रंथालयात द्यायच्या, आणि एकोणतीसला सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. साच्यात नसलेला प्रबंध कार्यालय परत करतं, मग आत सोनं असो की गाळ.

"काका, शाळेचं वार्षिक तुम्ही असंच साच्यात लावता ना? मग हेही तुम्हीच करा," चिमटी म्हणाली. लहानपणी ती बोलायच्या आधी चिमटे काढायला शिकली, तेव्हापासून चिमटी. मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि दुपारी एकनंतर मोकळा असतो. संस्कृतच्या मास्तरला वेळच वेळ असतो असा जगाचा समज आहे, आणि तो बरोबर आहे.

बांधणी दादाकडे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा बाप. विद्यापीठामागच्या गल्लीत त्याचं बाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे प्रबंध बांधतोय, एकही वाचलेला नाही. "बाइंडरने वाचायचं नसतं. वाचायला लागला की हात थांबतो," हे त्याचं शास्त्र.

"बांधायला बाबांकडेच द्यायचा," चिमटीने बजावलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. या वाक्यामागे सहा वर्षं आहेत. लागलेली नोकरी सोडून तिने प्रबंधाला नाव घातलं, तेव्हा दादा म्हणाला होता, "हे करणार असशील तर बाप मेला असं समज." रागाच्या भरात बाप असे मरतातच, आणि संध्याकाळी चहाला उठून बसतात. आमचा दादा उठून बसला नाही. चिमटी खोली घेऊन राहायला लागली, आणि बापलेकीचं बोलणं वहिनींच्या मार्फत सुरू झालं, दोन सरकारांचं चालतं तसं. आता तिने आपणहून त्याच्याकडे काम द्यायचं म्हणणं हा तहाचा खलिता आहे, आणि खलित्याचा लेखनिक मी.

६ नोव्हेंबर, बुधवार

साचा कुणा जुन्या विद्यार्थ्याने केलेला आहे. त्याने स्वतःच्या प्रबंधाचा सांगाडा मागे ठेवलाय, आणि जिथे जिथे आपण मजकूर घालायचा तिथे तिथे नमुन्यादाखल त्याचा मजकूर तसाच. आपला घातला की त्याचा जातो. दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यात अंग घालावं तसं आहे. खांद्याला बसतो, पोटाशी अडतो.

पहिल्याच ओळीत एक शब्द आहे, त्यावर सगळा कारभार. तिथे 'परीक्षण' लिहिलं की विद्यार्थ्याचं नाव, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश ही पानं लपतात, म्हणजे परीक्षकाला प्रबंध कुणाचा ते कळू नये. 'अंतिम' लिहिलं की ती प्रकट होतात. मी 'परीक्षण'वरच काम करतोय, त्यात गाडी हलकी चालते. नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले. साचाकाराने पाचवा काढला, आहे पण दाखवत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

चिमटी येऊन ऋणनिर्देश देऊन गेली. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, धरणावरचा चौकीदार, आई, खोलीची मालकीण, आणि नवव्या ओळीत 'मांडणीसाठी मदत करणारे काका'. तिला मी बाराखडी शिकवली. पाचवी ते दहावी रोज संध्याकाळी समोर बसवून अभ्यास घेतला. असो. नववी ओळ वाईट नाही, पहिल्या दहांत आहे. लगेच साच्यात घातली.

जाताना तिने पिशवीतून चारदा घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. "ही अर्पणपत्रिका. शेवटी घाला. बाबांना आधी कळता कामा नये."

ती गेल्यावर वाचली. मजकूर इथे उतरवत नाही, गुपित तिचं आहे. बरा आहे. शेवटचे दोन शब्द मात्र फार उघडे पडतात. अर्पणपत्रिकेला एक आब लागतो, तिथे 'सादर' वगैरे हवं. जरा हात फिरवून मग घालीन. चिठ्ठी शब्दकोशात ठेवली, 'अ'च्या पानांत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्ते. सत्तावीस तक्ते, आणि एकेक असा अंगाने सुटलेला की पानाबाहेर हात काढून बसतो. चिमटी दुपारभर शेजारी बसून आकडे तपासत होती आणि तपासता तपासता खुर्चीतच झोपली. बायको औषधांच्या दुकानातून जेवायला आली होती. तिने पोरीच्या अंगावर शाल टाकली आणि मला विचारलं, "तुम्ही तुमचा प्रबंध असा लावायला बसला असतात तर?"

मी म्हटलं, लावायला आधी तो लिहावा लागतो.

अर्पणपत्रिकेवर हात फिरवायचा राहिलाय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

झालं. पहिल्या ओळीतलं 'परीक्षण' खोडून 'अंतिम' लिहिलं, आणि दोनशे चौदा पानांची दोनशे एकोणीस झाली. छपाईवाला पाचला बंद करतो, साडेचार झाले होते. घाईघाईत ऋणनिर्देशाचं पान उघडून पाहिलं. नववी ओळ जागच्या जागी होती. बाकी सगळं ठीक दिसलं.

पाच संच छापून घेतले आणि गठ्ठा घेऊन थेट दादाच्या दुकानात गेलो. ते दुकान मला डोळे मिटून ओळखू येईल. खळीचा आंबूस वास, कातरलेल्या कागदाच्या फिती, भिंतीशी दाबाचे दोन लोखंडी स्क्रू. वडील गेले तेव्हा दादा शाळेतून उठून इथे बसला, मी शिकावं म्हणून. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

"आलात का पंडित," तो म्हणाला. गठ्ठा हातात घेऊन तोलला. "पोरीचा?"

"तुझ्याकडेच द्यायचा, असा तिचा हुकूम आहे."

त्याने हात धुतले, चांगले कोरडे केले आणि मग गठ्ठ्याची दोरी सोडली. दुसऱ्यांच्या कामाला तो हात धुताना मी पाहिलेला नाही.

दाबाखाली कागदांवर ठेवलेला पुठ्ठा ओळखीचा निघाला. निळं कापड, सोनेरी अक्षरं. बावीस वर्षांपूर्वी मी प्रबंधाला नाव घातलं, तेव्हा दादाने उत्साहात आधीच बांधून ठेवलेलं वेष्टण. आत घालायला प्रबंध आलाच नाही. "उपयोगी आहे," दादा म्हणाला. "सपाट राहिलाय."

२० नोव्हेंबर, बुधवार

चिमटीने चार प्रतींचं पुडकं दुकानातून उचललं आणि थेट ग्रंथालयात जमा केलं. तिची स्वतःची पाचवी प्रत अजून दाबाखाली आहे. "उघडून बघावंसं फार वाटत होतं," फोनवर म्हणाली, "पण बाबांची गाठ सुटेना आणि पाच वाजत आलेले. बाबा काहीच बोलले नाहीत, काका. 'नीट ने' एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, लाजला असेल.

तासाभराने वहिनींचा फोन. "हे एकोणतीसला येणार नाही म्हणतात. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणे. काल दुपारपासून जेवणावर लक्ष नाही. तुम्ही काही बोललात का त्यांना?"

मी काहीच बोललो नाही. तेच खरं आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून येऊन शब्द शोधायला कोश उघडला. चिठ्ठी मांडीवर पडली.

मी तिच्या घड्या मेजावर सरळ केल्या. मग फाइल उघडली. तिसरं पान. साच्यात आपला मजकूर घातला नाही की साचाकाराचा राहतो, हे मीच सहा तारखेला इथे मोठ्या ऐटीत लिहिलंय. पानाच्या मधोमध, सुबक अक्षरांत:

'ज्यांना हा दिवस पाहता आला नाही, त्या माझ्या दिवंगत वडिलांस.'

दादाने पाच प्रतींना शिवण घातली. पाच वेळा हे पान त्याच्या बोटांखालून गेलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मनाची समजूत घालायला मी वाकबगार आहे. सकाळभर घातली. बाइंडर वाचत नसतो. वाचलं तरी साच्यातलं आहे हे त्याला कळेल, तीस वर्षं असले प्रबंध पाहतोय. दुकान त्याला खरंच बंद ठेवता येत नसेल. शेवटी दुपारी उठून दुकानात गेलो. सांगायलाच गेलो होतो.

"काय काढलंत, पंडित?"

"सहज."

"सहज तू येत नाहीस."

मी शाळेच्या हजेरीपटांची चौकशी केली. त्याने दर सांगितला. मी म्हटलं, मुख्याध्यापकांना विचारतो. तो हाडाच्या पट्टीने एका कागदाची घडी दाबत होता, बसलेली घडी पुन्हा पुन्हा.

"एकोणतीसला येतोयस ना?" मी विचारलं.

"माझं तिथे काय काम?" तो म्हणाला. आवाजात राग असता तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. राग नव्हता.

घरी आलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मी खोटं बोललो. शब्दशः पाहिलं तर नाही. पण शब्दशः पाहणारे लोक किती हलकट असू शकतात, हे आज स्वतःवरून कळलं.

चिमटी आली होती. परीक्षेचं भाषण म्हणून दाखवायला आली आणि दुसऱ्याच पानावर थांबली. "बाबा येणार नाहीत. आईने सांगितलं." मग भाषणाचे कागद नीट जुळवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, ते पान आलं होतं ना? अर्पणपत्रिकेचं?"

"पान होतं," मी म्हणालो.

"मग त्यांनी वाचलं असणार. वाचूनही यावंसं वाटलं नाही. ठीक आहे." ती हसली. "सहा वर्षांचा गाळ आहे, एका पानाने थोडाच निघतो."

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तिला चहा विचारला.

ती गेल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "पान होतं, असं म्हणालात?"

"हो."

"आमच्या दुकानात चुकीची गोळी गेली की त्या माणसाला फोन करतो. गोळी तर दिली होती, असं म्हणत बसत नाही." मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "पण मला एक सांगा. शाळेचं वार्षिक तुम्ही चारचारदा तपासता. हेच पान कसं राहिलं?"

मी म्हटलं, हात फिरवायचा होता. तिने ताटं आत नेली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. छपाईवाल्याकडून ते एक पान नव्याने छापून घेतलं, पाच प्रती, त्याच जाड कागदावर. मजकूर चिमटीच्या चिठ्ठीतला, शब्दाचाही फरक न करता. मग दुकानात जाऊन स्टुलावर बसलो आणि दादा सुरी ठेवीपर्यंत थांबलो.

"तिसरं पान," मी म्हणालो, "तिचं नाही. माझ्या हलगर्जीपणाने राहिलं. साच्यात दुसऱ्या कुणा मुलाचा मजकूर होता, तो मी काढला नाही. तिला यातलं काही माहीत नाही. तिने लिहिलेलं माझ्याकडे आठ दिवस पडून होतं."

दादाने सुरी पुन्हा उचलून जागेवर ठेवली. समोरच्या लाँड्रीतून इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता.

"मला वाटलं, तिने माझा शब्द धरला," तो म्हणाला. "मीच म्हणालो होतो ना तिला. पोरगी शब्दाची पक्की आहे. म्हटलं, बरोबर आहे, असं समज म्हणालो आणि तिने समजलं."

"आणि तू ते तसंच बांधलंस?"

"मग काय करू? गिऱ्हाइकाचं पान काढतात का?" त्याने हातांना लागलेली खळ खरवडली. "पहिल्या प्रतीत दिसलं तेव्हा वाटलं, नजरचूक असेल. पाचव्या प्रतीपर्यंत खात्री पटली."

मी चिठ्ठी पुढे केली. त्याने आधी हात धुतले, चांगले कोरडे केले, चष्मा कपाळावरून खाली ओढला. चिमटीचं अक्षर वाईट आहे, पण मजकूर दोन ओळींचाच आहे. आता गुपित राहिलं नाही, म्हणून उतरवतो:

'बाबांना, ज्यांनी लोकांचे शेकडो प्रबंध बांधले आणि एकही उघडून वाचला नाही. हा वाचा.'

त्याने ते बाइंडरला न शोभेल इतका वेळ वाचलं.

"शेवटचे दोन शब्द तिचेच?"

"तिचेच. मी ते काढणार होतो."

"मग बरं झालं, तू काही केलं नाहीस ते," दादा म्हणाला.

त्याने दाबाचा स्क्रू सोडला, माझं निळं वेष्टण बाजूला ठेवलं आणि पाचवी प्रत काढली. तिसरं पान शिवणीपासून बोटभर सोडून सुरीने कापलं. उरलेल्या पट्टीला खळीचा एक हात दिला, त्यावर नवं पान बसवलं, पट्टीने दाबलं. मिनिटभराचं काम. बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. कापलेलं पान त्याने टाकलं नाही, उजेडात धरून पाहिलं.

"त्या मुलाचा बाप खरंच गेला असेल रे," तो म्हणाला. "किती नीट लिहिलंय."

माझ्या हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

"ग्रंथालयातल्या चार प्रती मी उद्या मागून आणतो," दादा म्हणाला. "तिथल्या बाई ओळखतात मला, सांगीन पान बदलायचंय म्हणून. तिला मात्र तू सांगायचंस. मी नाही, तुझी वहिनी नाही. तू."

२७ नोव्हेंबर, बुधवार

काल धीर झाला नाही. आज चिमटीच्या खोलीवर जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, 'पान होतं' यासकट.

ती पलंगावर बसली होती, मी एकुलत्या एका खुर्चीवर. ऐकता ऐकता तिने भाषणाचे कागद उशीखाली सरकवले.

"आठवडाभर बाबांना वाटत होतं की मी त्यांना मारून टाकलंय," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला विचारायला आले, तेव्हा तुम्ही मला चहा विचारलात."

"हो."

"मुद्दाम नाही ना घातलंत?"

"विसरलो."

"तुम्ही कधी काही विसरत नाही, काका. माझे पाचवीतले मार्क अजून सांगता."

मी म्हटलं, ऋणनिर्देशातली माझी ओळ काढून टाकू या, दादा तेही पान बदलून देईल. ती म्हणाली, "राहू दे. मांडणी तुम्हीच केलीत. ते खरंच आहे." माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. दारापर्यंत पोचवायला ती उठली नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षेचा हॉल तिसऱ्या मजल्यावर. दादा वहिनींबरोबर पावणेदहालाच येऊन मधल्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पाचवी प्रत. मी मागे दाराजवळ बसलो. चिमटी बोलायला उभी राहिली, तिने समोर पाहिलं, बाप दिसला. पहिलं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं. पुढे ती अडली नाही. एका परीक्षकाने सतराव्या तक्त्यावरून तिला बराच वेळ छळलं, आणि तिने त्याला गाळात नेऊन सोडलं. पसंती मिळाली, टाळ्या झाल्या.

बाहेर व्हरांड्यात ती बापासमोर जाऊन उभी राहिली. दोघांनाही मध्ये वहिनी लागतात, पण वहिनी शहाण्या, पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला झाल्या होत्या.

"वाचलात?" तिने विचारलं.

"दोन प्रकरणं झाली," दादा म्हणाला. "दुसऱ्यात ते धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते लिहिलंस ना, ते मला दोनदा वाचावं लागलं." मग प्रत उघडून दाखवत, "आणि डावीकडचा समास कमी ठेवलाय तुझ्या काकाने. शिवणीत अक्षरं जातात. चिमटीने पान धरून वाचावं लागतं."

"मग धरा," ती म्हणाली, आणि त्याच्या सदऱ्याच्या बाहीला धरून रडायला लागली. दादाने प्रत माझ्याकडे दिली, हात मोकळा हवा म्हणून. ती मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तेवढंच काम होतं.

निघताना चिमटी माझ्या पाया पडली. रीतीप्रमाणे पडली आणि वहिनींकडे वळली.

दादाने जिन्यात गाठून पिशवीतून कागद काढले. पाच प्रतींतून कापलेली ती पाच पानं, कडेला सुरीची सरळ धार. "हे घे. जाळू नकोस, चांगला कागद आहे. पाठ कोरी आहे, लिहायला होईल तुला."

दादा कागद फुकट घालवत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यापलीकडे त्याला काही म्हणायचं होतं का, ते विचारायचा धीर झाला नाही.

आजचं हे त्यांतल्याच एका पानाच्या पाठीवर लिहितोय. पंधरा तारखेला मी लिहिलं होतं, 'हात फिरवायचा राहिलाय.' तेव्हाच ते दोन शब्द जसेच्या तसे घालून मोकळा झालो असतो, तर पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांत माझं काय अडलं होतं, ते इथे लिहावं म्हणून मघापासून बसलोय. कागद जाड आहे, तरी खिडकीशी धरला की पलीकडची ओळ उमटून दिसते, उलटी. माझं अक्षर नेमकं तिच्यावरून जातं. पान अर्धं उरलंय.